पेन्सिलीतला नियम

नामदेव, तुझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आलाय. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शांतावहिनींनी तो आणून माझ्या कटाईच्या टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "मास्तर, हे तुमा दोघाइचं. आता तुमच्यापाशीच राहू द्या." आत आपले आठ लाकडी रणगाडे, चिंचोक्याचे चार फासे, सदऱ्याचं एक पांढरं बटण आणि ती जाड वही.

वही उघडून पाहिली. सगळे नियम शाईनं लिहिलेले, एकच पेन्सिलीनं. त्या एका नियमावरून आपण सात वर्षं अडून राहिलो आणि मी तो मान्य केला नाही. आता तू नाहीस, नियम तसाच पेन्सिलीत पडून आहे. त्याचा निकाल लावल्याशिवाय मला दुसरं कापड हातात घ्यावंसं वाटत नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. लिहायला बसलं की माझ्या हातून शाळेतली भाषा येते, त्याला इलाज नाही. तू आपलं तुले-मलेत वाच.

तेरवीला लोक म्हणत होते, देवमाणूस गेला. मला हसू आवरेना. देवमाणूस कसला! एक नंबरचा हट्टी होतास. अर्ध्या पंचक्रोशीची डिझेल इंजिनं तुझ्या हातानं चालायची आणि गिऱ्हाइकाला तू एका शब्दात गप्प करायचास. मीही काही कमी नाही. बाही आखूड झाली म्हणून कोणी भांडायला आला तर मी त्याचा हातच लांब ठरवतो. असे दोघं एका टेबलाला समोरासमोर बसत होतो, हेच नवल.

सुरुवात आठवते का? पलटणीतून घरी येऊन तुला वर्षही झालं नव्हतं. डावा हात भाजलेला, बोटं पुरती मिटायची नाहीत. आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा दिवस होता, गावात जिकडेतिकडे पत्ते आणि सोंगट्या. आपण दोघं माझ्या दुकानात बसलो होतो, आणि पत्त्यांत तुझं लक्ष नव्हतं. तू माझं दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ उचललंस, उभं धरलंस, आडवं धरलंस आणि म्हणालास, "मास्तर, हे करवतीनं अर्धं करून दे बरं." सागाच्या ठोकळीवर ते अर्धं रीळ खिळ्यानं बसवलंस, त्यात छत्रीची तार खोचलीस, ती तोफेची नळी. वरचं रीळ गरगर फिरायला लागलं. पलटणीत साहेब लोक रेतीवर ठोकळे मांडून लढाई शिकवायचे म्हणे. तसं आपण टेबलावर करू, असं तू म्हणालास. संध्याकाळपर्यंत चार गाडे झाले. त्या दिवशी सणाचं जेवण दोघांच्याही घरी निवलं.

अंतर मोजायला माझा टेप. एका चालीत गाडा सहा इंच जाणार आणि एक गोळा मारणार. तीन किंवा चार चिंचोके पांढरी बाजू वर करून पडले की समोरचा गाडा पेटला, त्याच्यावर कापसाचा बोळा ठेवायचा. हिरवं कापड म्हणजे ऊस, त्यात गाडा दिसत नाही. काळं कापड म्हणजे काळी माती, तिथं तीनच इंच. तू म्हणालास, "बे, तिकडं लढाईवर अशी माती नसते." मी म्हटलं, "पण आपण आपल्या वडनेरले लढून राह्यलो ना." हायवेवरून ट्रक गेला की टेबल हलायचं, गाडे सरकायचे. त्यावरून तीन दिवस वाद. शेवटी ठरलं, ट्रकनं हलवला तो हललेलाच धरायचा. तो नियम वहीत शाईनं आहे.

पेन्सिल आणि शाईची पद्धत माझी. आधी कच्चा टाका, अंगावर घालून बघायचं, मग पक्की शिलाई. नवा नियम आधी पेन्सिलीनं लिहायचा, तीन डाव चालवायचा, दोघांना पटला तर शाई. तुला ही पद्धत फार आवडली. "तू पलटणीत पायजे होता बे," असं म्हणालास. माझ्या छातीचं माप पलटणीला पुरलं नसतं हे तुला चांगलं माहीत होतं.

आणि ती चिंचोक्यांची फजिती! चिंचोका मधोमध फोडला की आतली बाजू पांढरी सपाट, पाठ तपकिरी फुगीर. मला ते बेंगरूळ दिसायचं. मी धुण्याच्या दगडावर पाठी घासून घासून गुळगुळीत केल्या. त्यानंतर तीन महिने आपले गाडे सारखे पेटत होते. टेबलभर नुसता कापूस. आपण म्हटलं नियमच चुकला. गाड्यांचा पत्रा जाड केला, माऱ्याचं अंतर कमी केलं, एकदा तर चारही पांढरे पडले तरच पेटेल असं ठरवलं, तरी गाडे पेटतच होते. मग एक दिवस तू फासे तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिलेस. "मास्तर, याइची पाठ कोनं घासली?" मी म्हटलं, मी. तू बाहेर जाऊन ओट्यावर बसलास आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलास. पाठ सपाट झाल्यामुळे चिंचोके सारखे पांढरेच पडत होते. नवे चिंचोके फोडले, पत्रा जाड केल्याचे सगळे नियम खोडले. खोडलेली पानं आहेत अजून, मी काल पाहिली.

त्याच पावसाळ्यात तू तुझा नियम आणलास. टेबलावर गाडा ठेवलास. पुढच्या अंगाला, उजव्या कोपऱ्यात तू एक पांढरं बटण ठेवलं होतंस.

"हा ड्रायव्हर," तू म्हणालास. "गाडा पेटला म्हंजे सगळेच मरत नाईत. वरच्या झाकणातून बाकीचे निंघतात. ड्रायव्हर पुढं, खाली बसते. त्याचं झाकण येगळं. नळी त्या झाकणावर आली असली त ते उघडत नाई."

"मंग?"

"मंग गोळा मारल्यावर नळी बाजूले करा लागते. त्याची अर्धी चाल धराची. गाडा पेटला अन् झाकण मोकळं असलं, त ड्रायव्हरसाठी फासे टाकाचे. दोन पांढरे पडले त तो बाहेर. मंग दुसऱ्या गाड्यावर जाऊ शकते."

"अन् मोकळं नसलं त?"

"मंग फासे टाकाचेच नाईत."

मी पेन्सिलीनं लिहून घेतलं. पण तीन डाव चालवून पाहिला नाही, एकच झाला. पहिल्याच डावात तू दर गोळ्यानंतर नळी बाजूला करत बसलास, अर्ध्या अर्ध्या चाली घालवल्यास, आणि मी तुझे चारही गाडे पेटवले. मला राग आला. फुकट जिंकायला मला आवडत नाही. मी म्हटलं, हा नियम खेळ मारतो. तू म्हणालास, नियम बरोबर आहे. मी म्हटलं, बरोबर असेल पण कामाचा नाही. तू पुन्हा म्हणालास, बरोबर आहे. आवाज चढला. मग मी ते बोललो. ते पुन्हा लिहायला हात धजत नाही, पण लिहितो, कारण तू ऐकलं होतंस.

"एका बटणासाठी अर्धी चाल? मेला त मेला! माह्या डब्यात बटणं काय कमी हायेत?"

तू ते बटण उचललंस, सदऱ्याच्या खिशात टाकलंस आणि निघून गेलास. गाडे टेबलावर तसेच. मला वाटलं, हरला म्हणून रागावला. मीही आलो नाही तुझ्याकडे. दीड महिना गेला. गाडे उचलून मी खिडकीत ठेवले आणि टेबलावर लग्नाचे कपडे कापले.

मग एक दिवस गुडघ्यावर फाटलेली पँट घेऊन आलास.

"मास्तर, गुडघा गेला."

"ठेव."

पँट ठेवलीस. तिथंच उभा राहिलास. मग म्हणालास, "चाल, मांड. तुह्याच नियमानं खेळू."

खेळलो. पुढं इतकी वर्षं खेळलो, माझ्याच नियमानं. पण तू दर वेळी गोळा मारलास की दोन बोटांनी नळी बाजूला करायचास. नियमात तसं काही नव्हतं. उलट माझा नियम होता, की चाल झाल्यावर गाड्याला हात लागला तर अर्धी चाल गेली. मी म्हणायचो, "हात लागला." तू म्हणायचास, "हाव, धर." तेवढंच. एकदाही कुरकुर नाही. मी धरायचो, तू हरायचास. दाराच्या आतल्या बाजूला खडूनं रेघा ओढत होतो आपण. माझ्या बाजूला जागा संपली म्हणून मी चौकटीवर सुरुवात केली. तुझ्या रेघा अजून एका वितीत मावतील एवढ्याच. मी त्या रेघा गिऱ्हाइकांना दाखवायचो, नामदेव. पलटणीतल्या माणसाला शिंप्यानं हरवलं म्हणून सांगायचो, आणि तू ऐकून हसायचास.

आणखी एक गोष्ट. आखाजीला सकाळी मी तुझ्याकडे यायचो, जेवण उरकून खेळ मांडायचा असायचा. तुमच्या घरी पितरांच्या दोन घागरी भरलेल्या असायच्या, वर खरबूज, आंबा. एक तुझ्या बापाची. दुसरी आज्याची असेल असं मी धरून चाललो. विचारलं नाही कधी. लोकांच्या घागरी मोजणारा मी कोण?

वहिनींनी डबा ठेवला तेव्हा मी चहा सांगितला. त्या बसल्या. डब्यातलं बटण उचलून मी टेबलाच्या कडेला ठेवलं, तर त्या म्हणाल्या, "हे नोको हारपवू. हे किसनचं हाय."

मी म्हटलं, किसन कोण?

त्यांना वाटत होतं, मला माहीत असेल. मला माहीत नाही म्हटल्यावर त्यांनी कपबशी खाली ठेवली. मग सांगितलं. डोणगावकडचा किसन, तुझ्या गाड्याचा ड्रायव्हर. एकाच जिल्ह्याचे म्हणून पलटणीत तुम्ही एका ताटात जेवायचात. पासष्टच्या लढाईत तू नळीवर होतास. उजवीकडे गोळा मारलास, लागला, आणि दुसरा भरायच्या घाईत नळी तिथंच राहिली. मग तुमचा गाडा पेटला. तू वरून निघालास. किसनचं झाकण चार बोटं उघडलं आणि नळीला अडकलं. आत आग, नळी फिरवायला आत कोणाला जाता येईना. तू बाहेरून झाकण ओढत राहिलास. तुझा डावा हात तिथं भाजला. मी समजत होतो, निघताना भाजला.

"दुसरी घागर त्याची," वहिनी म्हणाल्या. "दरसाल. या आखाजीले तीन भरा लागतीन."

मी विचारलं, "मले काऊन नाई सांगतलं त्यानं?"

"मी म्हटलं होतं त्याइले. मास्तरले सांगून टाका, लगेच मानतीन. त म्हणाले, म्हणूनच त सांगत नाई. कीव म्हणून नोको. त्याले पटला पायजे."

चहा गार झाला. वहिनी गेल्या. मी मशीनवर जाऊन बसलो.

मला तुझा राग आला, खरं सांगतो. तू गेल्यापासून पहिल्यांदा इतका राग आला. काऊन नाई सांगतलं बे? एक वाक्य सांगितलं असतंस तर मी ते बटणाचं बोललो नसतो. बोललो असतो तरी पाय धरले असते. तू माझ्या पाठीवर हात ठेवून त्या रेघा बघून हसत राहिलास, आणि मी मूर्खासारखा चौकटीवर रेघा ओढत राहिलो. सात वर्षं रोज तुझ्यासमोर बसणाऱ्या माणसाला तू हे कळू दिलं नाहीस. मग एका वावरात, विहिरीवर, इंजिन उघडं टाकून निघून गेलास. मला भांडायलाही कोणी ठेवलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी राग उतरला. मग वाटलं, बरं केलंस. सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी शाई उघडली असती, आणि तुला ती शाई नको होती. तुला माझी दया नको होती, माझं डोकं पाहिजे होतं. एवढा मान मला गावात दुसऱ्या कोणी दिला नाही. त्याबद्दल तुझे उपकार मानायचे राहून गेले, ते आता मानतो.

पण मग अडचण झाली. आता मला माहीत झालं होतं. आता मी मान्य केलं तर ती कीवच. म्हणून आपल्याच पद्धतीनं करायचं ठरवलं. तीन डाव. पटला तर शाई, नाही तर किसन असो की आणखी कोणी, पेन्सिलच. तूही हेच म्हणाला असतास.

काल दुपारी दुकानाची फळी लावून घेतली आणि गाडे मांडले. दोन्ही बाजूंना तुझा नियम. तुझ्या बाजूनं मी तुझ्यासारखा खेळलो, माझ्या बाजूनं माझ्यासारखा. आठही गाड्यांच्या कोपऱ्यात एकेक बटण ठेवलं. तुझ्या पहिल्या गाड्यावर तुझ्या डब्यातलं, किसनचं.

पहिला डाव तू हरलास. नळ्या बाजूला करण्यात चाली गेल्या, मी म्हणत होतो तसंच. दुसरा डावही हरलास, पण घासून. तुझा एक ड्रायव्हर वाचला, दुसऱ्या गाड्यावर गेला आणि माझे दोन गाडे उडवून गेला. मी वहीच्या कडेला लिहून ठेवलं, की दोन पांढरे फार सहज पडतात, तीन पाहिजेत. बघ, तेव्हाही मी भांडतच होतो. माझ्या बाजूनं मी एकदाही नळी बाजूला केली नव्हती. अर्धी चाल वाचवायची सवय हाडात गेलेली.

तिसऱ्या डावात माझा शेवटचा गाडा उसाच्या कडेला होता. समोर तुझा एकच उरला. मी गोळा मारला, चुकला. अर्धी चाल हातात होती. नळी बाजूला करावी की दोन इंच सरकून नेम नीट घ्यावा? सरकलो. पुढच्या चालीत जिंकणारच होतो. मग तुझ्या बाजूनं फासे टाकले. चारही पांढरे.

कापसाचा बोळा घेतला, गाड्यावर ठेवला. हात पुन्हा फाशांकडे गेला, माझ्या ड्रायव्हरसाठी टाकायला. दोनच पांढरे पाहिजेत, सहज पडतात. चिंचोके मुठीत घेतले, हलवले, आणि गाड्याकडे पाहिलं. छत्रीची तार बरोबर बटणावर होती. मंग फासे टाकाचेच नाईत.

मी तसाच बसून राहिलो. मूठ उघडेना. अर्धी चाल माझ्या हातात होती, नामदेव. होती ना. कोणी मागितली नव्हती, कोणी हिसकावली नव्हती. एवढ्या एवढ्यासाठी वाचवली मी. आणि हे लाकूड आहे, बटण आहे, बाहेर माणसं जात-येत होती. तरी मला ती मूठ उघडता येईना. तू तर पेटलेल्या झाकणाला हात लावून उभा होतास. त्या हातानं तू पुन्हा माझ्या टेबलावर गाडे मांडलेस, आणि मी तुला म्हणालो, बटणं काय कमी आहेत. माफ कर बे. समोर असतास तर शिवी दिली असतीस आणि विषय संपला असता.

बऱ्याच वेळानं फासे खाली ठेवले. शाईची दौत काढली आणि पेन्सिलीच्या अक्षरांवरून जसाच्या तसा नियम गिरवला. दोन पांढऱ्यांचं तीन केलं नाही. अर्धी चालही ठेवली, ती काढली तर नियमात काही राहतच नाही, हे मला आता कळतंय. खाली लिहिलं, तीन डाव झाले, पटला. कीव म्हणून नाही. थोडी असेल, पण तिच्यावर शाई खर्च केली नाही.

दारावरच्या रेघा ओल्या फडक्यानं पुसल्या. वहिनींना निरोप पाठवलाय, की आखाजीला किसनची घागर माझ्याकडे. तुझी त्यांनी भरावी.

मग एकेक गाडा डब्यात ठेवला. ठेवताना प्रत्येकाची नळी दोन बोटांनी बाजूला केली, तुझ्या चारही आणि माझ्या चारही. चाल धरली नाही.